भोगीच्या भाजीला घरचं वांगं

नोव्हेंबर लागला की तेच प्रश्न पुन्हा येतात. डोंबिवलीहून कुणी विचारतं, "बाजारात वांग्यांचे ढीग लागलेत, म्हणजे हंगाम आहे. मग माझ्या कुंडीतलं रोप वीतभरच का?" बदलापूरहून कुणी सांगतं, "फुलं भरपूर येतात, पण सगळी गळतात." खडकपाड्यातल्या एक बाई गेल्या वर्षी विचारत होत्या, की मुलगी स्कॉटलंडला असते, तिला भरल्या वांग्यांची आठवण येते, तिथे झाड जगेल का? वरवर हे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी थंडी आणि वांगं यांच्या नात्याबद्दलचा एकच गैरसमज आहे.

वांगं आपल्याकडे हिवाळ्यात उत्तम मिळतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत वांगं हवंच. त्यामुळे हे थंडीतलं पीक आहे अशी आपली समजूत होते. खरं तर हे झाड उबेचं आहे. दिवसाचं तापमान २२ ते ३० अंश असेल तर ते झपाट्याने वाढतं, १७ अंशांच्या खाली त्याची वाढ मंदावते आणि रात्री १५ अंशांखाली जाऊ लागल्या की परागकण नीट तयार होत नाहीत, फळधारणा बिघडते. हिवाळ्यात आपण खातो ती वांगी पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाढलेल्या झाडांची असतात. थंडीपर्यंत झाड अंगापिंडाने तयार असेल तर ते थंडीत फळं देतं. थंडीत लावलेलं रोप मात्र नुसतं तग धरून राहतं.

हे मी स्वतः एक हिवाळा घालवून शिकले. कल्याण पश्चिमेच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत पहिल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला बी पेरलं. ते उगवायलाच पंधरा दिवस लागले. फेब्रुवारीपर्यंत रोपं वीतभर झाली आणि पहिली फुलं आली ती मार्चच्या अखेरीस, पारा ३५ च्या वर गेल्यावर. ती सगळी गळाली. खत, पाणी, माती यांत काही चुकलं नव्हतं, चुकला होता तो महिना.

आधी ऊन मोजा, मग बी आणा

वांग्याला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. चार-साडेचार तासांवर झाड जगतं, पण दोन-चार फळांपलीकडे देत नाही. त्यापेक्षा कमी ऊन असेल तर वांग्याचा हट्ट सोडा. त्या जागेत पुदिना, अळू, पालक छान येईल.

गॅलरीतलं ऊन वर्षभर सारखं नसतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कल्याण साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. म्हणजे जूनमध्ये "इथे ऊनच येत नाही" म्हणून सोडून दिलेली दक्षिणेची गॅलरी डिसेंबरात आतल्या भिंतीपर्यंत उजळून निघते. उलट उन्हाळ्यात तापणारी उत्तरेची गॅलरी हिवाळ्यात पूर्ण सावलीत जाते. हिवाळी वांग्यासाठी दक्षिणेची बाजू पहिली पसंती, नंतर आग्नेय आणि नैर्ऋत्य. नुसत्या पूर्वेला किंवा नुसत्या पश्चिमेला तीन-चार तास मिळतात. तिथे पुरते चार तास भरत असतील तरच लहान फळाची जात लावून बघा.

दुसरा अडथळा समोरच्या इमारतीचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे सूर्य सर्वांत वर असतो तेव्हा, कोणत्याही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढीच लांब पडते. तुमच्या दक्षिणेची इमारत तुमच्या गॅलरीपेक्षा पाच मजले उंच असेल आणि पाच मजल्यांच्या उंचीपेक्षा जवळ असेल, तर त्या दिवसांत दुपारीही तुम्हाला ऊन मिळणार नाही. म्हणून ऑगस्टमधलं ऊन बघून ठरवू नका. गेल्या हिवाळ्यात कपडे कुठे वाळत होते, घरात कवडसा कुठपर्यंत येत होता, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यांना नेमकं आठवतं.

भोगीपासून मागे मोजा

बी पेरल्यापासून पहिलं वांगं हातात येईपर्यंत साधारण ९० ते १२० दिवस लागतात. रोप तयार व्हायला चार ते सहा आठवडे, आणि कुंडीत लावल्यावर पहिल्या तोड्याला आणखी साठ ते ऐंशी दिवस. हे आकडे उबदार हवेतले आहेत. डिसेंबरात सगळं रेंगाळतं, म्हणून हातात पंधरा दिवस जास्तीचे ठेवा.

- चंपाषष्ठीसाठी (साधारण नोव्हेंबर-अखेर ते डिसेंबर-मध्य): बी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. रोपं पावसाच्या थेट माऱ्यापासून वाचवावी लागतात, नाहीतर ती जमिनीलगत कुजून आडवी पडतात.
- भोगीसाठी (१३ किंवा १४ जानेवारी): बी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, कुंडीत लागण सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. कल्याण-डोंबिवलीच्या गॅलरीसाठी माझ्या मते हीच वेळ सर्वांत चांगली. पाऊस ओसरलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन रोपाला भराभर वाढवतं.
- ऑक्टोबर उलटून गेला असेल तर बी पेरू नका. पाच-सहा पानांची तयार रोपं आणा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेलं सशक्त रोप जानेवारीच्या अखेरीस फळाला येऊ शकतं.
- डिसेंबर लागला असेल तर थांबा. जानेवारीच्या मध्यावर बी घालून फेब्रुवारीत रोप लावता येतं, पण ते उन्हाळी पीक झालं. त्याला पाणी जास्त, अळी जास्त, आणि एप्रिलच्या उष्म्यात फूलगळही होते.

बदलापूर, टिटवाळा, मुरबाडच्या वाचकांनी हे सगळं आठ-दहा दिवस अलीकडे ओढावं. खाडी आणि समुद्रापासून जितकं आत जावं तितक्या रात्री गार होतात. डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री बदलापूरकडे पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा कल्याण-डोंबिवलीत तो दोन-तीन अंशांनी वर असतो. हा फरक आपल्याला एका पांघरुणाचा वाटतो. वांग्याच्या फुलाचं मात्र त्यावरच ठरतं.

कोणती जात घ्याल?

कुंडीसाठी लहान, गोल, काटेरी वांगी सर्वांत सोयीची. फळ लवकर तयार होतं, झाडावर भार कमी पडतो आणि एखादं फळ किडलं तरी मोठं नुकसान होत नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कृष्णा ही संकरित जात किंवा जुनी, घरोघरी माहीत असलेली मांजरी गोटा यांपासून सुरुवात करा. भरताचं मोठं वांगं मनात असेल तर जळगावकडची हिरवट-पांढरी वांगी कुणालाही मोहात पाडतील. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण ती चव खानदेशातल्या काळ्या जमिनीची आणि कोरड्या थंडीची आहे. कुंडीत दोन-तीन फळं मिळतील. तेवढ्यावर समाधान असेल तरच लावा.

तुमच्याकडे वांगी, टोमॅटो किंवा मिरची याआधी अचानक मान टाकून मेली असेल, तर जातीचा विचार वेगळा करावा लागेल. कोकणपट्टीच्या लाल, आम्लधर्मी मातीत जिवाणूजन्य मर रोग मुरलेला असतो. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने अर्का निधी, अर्का केशव आणि अर्का नीलकंठ या जाती याच रोगाला तोंड देण्यासाठी काढल्या आहेत. फळं लांबट असतात, भरल्या वांग्याला शोभत नाहीत, पण काचऱ्यांना आणि रश्श्याला उत्तम.

बियाण्याचं पाकीट: काय वाचायचं, कुठे तक्रार करायची

दुकानातून पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची बाजू वाचा. पिकाचं आणि जातीचं नाव, लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, वैधतेची तारीख आणि उगवण टक्केवारी हे तिथे असायला हवं. वांग्यासाठी किमान उगवणीचं प्रमाण ७० टक्के ठरलेलं आहे. म्हणजे दहापैकी सात उगवली तर बी चांगलं. दोन-तीन उगवली नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. बी रंगीत पावडर लावलेलं असेल तर त्यावर औषधाची प्रक्रिया झालेली असते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नका.

सुट्या पुडीतलं, तारीख नसलेलं बी घ्यायचं टाळा. हातगाडीवरून घेतलेल्या रोपांबाबतही हेच. आमच्याकडे एकदा काटेरी म्हणून आणलेल्या सहा रोपांना लांब हिरवी वांगी लागली, आणि ते कळलं चार महिन्यांनी. पावती नव्हती, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती.

तुमचे हक्क थोडक्यात:

- पावती मागा आणि पाकीट फेकू नका. त्यात दहा-वीस बिया शिल्लक ठेवा. तक्रार झाली तर नमुना लागतो.
- बी उगवलंच नाही किंवा जात वेगळी निघाली, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. कल्याण तालुक्यालाही असं कार्यालय आहे, शहरात राहता म्हणून तुम्ही बाहेरचे ठरत नाही.
- ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सदोष बियाण्याबद्दल ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तो निकाल शेतकऱ्यांच्या बाजूचा होता, गॅलरीत लावणारेही ग्राहकच.
- कीड-रोगाचा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक नि:शुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कुंडी, माती आणि पहिले दोन महिने

एका झाडाला १५ ते २० लिटरची, साधारण १२ ते १४ इंची कुंडी किंवा ग्रो बॅग हवी. तुळशीच्या आकाराच्या कुंडीत वांगं लावणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. माती भरताना चार भाग पोयटा माती, तीन भाग कोकोपीट आणि तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घ्या, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडीला खाली भोकं असायलाच हवीत, आणि ती टाइलला चिकटून बंद होऊ नयेत म्हणून कुंडीखाली विटेचे दोन तुकडे ठेवा.

बी पाव इंचापेक्षा खोल पेरू नका. २४ ते ३० अंशांत ते सहा ते दहा दिवसांत उगवतं. रोपाला चार-पाच खरी पानं आली की लागण करा. ती संध्याकाळी करा, आणि मग दोन दिवस थेट उन्हापासून जरा आडोसा द्या. तीन फुटांची बांबूची काठी लागणीच्या वेळीच रोवून ठेवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात.

पाण्याचं वेळापत्रक मी सांगणार नाही, कारण प्रत्येक गॅलरीचा वारा वेगळा. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्या, ओलं लागलं तर राहू द्या. थंडीत पाणी सकाळी ऊन आल्यावर द्यावं. रात्रभर गारठलेल्या टाकीचं पाणी भल्या पहाटे ओतू नये, आणि संध्याकाळी माती चिंब करून रात्रीच्या गारव्यात ठेवू नये.

दर पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत पुरे. पानं मोठी, गर्द हिरवी, झाड डेरेदार आणि फुलाचा पत्ता नाही, अशी तक्रार असेल तर शेणपाणी आणि पेंडीचं पाणी लगेच थांबवा. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं.

फुलं का गळतात?

सर्वांत जास्त प्रश्न याचेच असतात, म्हणून जरा थांबून बघू. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एक उमललेलं फूल हातात न तोडता जवळून बघा. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या केसरांचा शंकूसारखा झुबका असतो आणि त्यातून एक बारीक हिरवी दांडी डोकावते. दांडीचं टोक पिवळ्या केसरांच्या पुढे आलेलं किंवा त्यांच्या बरोबरीला असेल, तर ते फूल धरायचं. दांडी आतच दडलेली असेल, तर ते फूल तुम्ही काहीही केलंत तरी गळणार. प्रत्येक वांग्याच्या झाडावर अशी आखूड दांडीची फुलं येतातच, ती मोजून काळजी करू नका. सगळीच तशी येऊ लागली, तर झाड उपाशी आहे, त्याला ऊन कमी पडतंय किंवा फळांचा भार जास्त झालाय असं समजा.

लांब दांडीची फुलंही गळत असतील तर कारण बहुधा परागीभवनाचं. वांग्याचे पराग केसरांच्या टोकाशी असलेल्या इवल्या भोकांतून बाहेर पडतात, तेही झाड थरथरलं तरच. शेतात वारा आणि भुंगे हे काम करतात. भुंगा फुलाला लोंबकळून पंख गुणगुणवतो, त्या कंपाने पराग झडतात. सातव्या मजल्यावरच्या जाळीबंद गॅलरीत भुंगा येत नाही. तिथे तुम्हीच सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान फुलाच्या देठाला बोटाने चार-पाच टिचक्या मारा, किंवा बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश चालू करून फुलामागच्या देठाला दोन सेकंद टेकवा. नीट पाहिलंत तर पिवळी भुकटी उडताना दिसते. सलग चार दिवस हे केलंत की आठवडाभरात देठाजवळ हिरवं बोंड फुगायला लागतं. कबुतरांची जाळी काढता येत नसेल, तर हे रोजचंच काम समजा.

थंड रात्रींसाठी एवढं पुरे: पारा १४ च्या खाली जाणार असेल तर कुंड्या रेलिंगपासून सरकवून भिंतीलगत घ्या. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या. बदलापूर-मुरबाडला उघड्या गच्चीवर झाडं असतील तर चार काठ्यांवर जुनी सुती चादर टाका, सकाळी काढा. प्लास्टिक थेट पानांना टेकवू नका, आत पाणी साचून पानं सडतात.

अळी, मर आणि बाकीचे शत्रू

शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही वांग्याची खरी वैरीण. ती इतकी चिवट आहे की तिच्यासाठीच बीटी वांगं काढण्यात आलं. भारतात फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. आपल्या दोन-चार कुंड्यांसाठी मात्र एक ब्लेड पुरेसं आहे. सगळं झाड टवटवीत आणि एखादाच कोवळा शेंडा दुपारी मान टाकलेला दिसला, की तो दोन इंच खालून कापा आणि उभा चिरा. आत पोकळी, विष्ठेचा भुसा आणि त्यात फिकट गुलाबी अळी सापडेल. तो शेंडा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तिथून पतंग होऊन ती परत येते. साबणाच्या पाण्यात बुडवा. दर दोन दिवसांनी अशी पाहणी केलीत तर फळापर्यंत अळी फारशी पोचत नाही. थंडीत तिचा जोर कमी असतो, हिवाळी वांगं घरी लावण्याचं हे मोठं कारण आहे.

झाड हिरवंगार असतानाच दोन दिवसांत संपूर्ण वाळलं, तर ती मर असू शकते. खात्री करायला खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात लटकवा. थोड्या मिनिटांत कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले, तर जिवाणूजन्य मर नक्की. मग त्या झाडाला औषध नाही. झाड आणि माती दोन्ही टाका, कुंडी धुऊन उन्हात वाळवा, आणि ती माती चुकूनही मिरची-टोमॅटोला वापरू नका.

पानं बारीक बारीक होऊन शेंड्याशी झुडूप झालं आणि फुलं येईनाशी झाली, तर तो पर्णगुच्छ. तो तुडतुड्यांमुळे पसरतो. झाड उपटा, एकावरून शेजारच्यावर जायला वेळ लागत नाही.

तुडतुडे, पांढरी माशी, मावा यांच्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांडी धुण्याचा साबण घोळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्यातून एकदा. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की पानांखाली लाल कोळी येतो. त्याला पाण्याचा जोरदार फवाराही हटवतो. शेतासाठीची रासायनिक कीटकनाशकं घरात आणू नका. बंद गॅलरीत ती तुमच्याच श्वासात जातात, आणि लेबलवर लिहिलेला तोडणीपूर्वीचा थांबण्याचा काळ घरी कुणी पाळत नाही.

गच्ची, गॅलरी आणि सोसायटी

"गच्चीवर लावलं तर सेक्रेटरी ओरडतात" ही तक्रार बरीच येते, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर असतं. गच्ची सर्व सभासदांची सामायिक जागा आहे. वरच्या मजल्यावर राहता म्हणून ती तुमची होत नाही आणि परवानगीशिवाय तिथे कायमच्या कुंड्या मांडता येत नाहीत. पण लेखी अर्ज करून परवानगी मागणं हा तुमचा अधिकार आहे, आणि नकार मिळाला तर तोही लेखी मागा. कार्यकारिणी ऐकत नसेल तर विषय सर्वसाधारण सभेत न्या. ही वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची सूचना चौदा दिवस आधी निघते. म्हणजे भोगीच्या वांग्याचं बी आणि सभेचा अर्ज दोन्ही ऑगस्टमध्येच टाकायचे.

अर्जात या गोष्टी लिहिल्यात तर बहुतेक सोसायट्या नाही म्हणत नाहीत:

- किती कुंड्या आणि नेमक्या कुठे. पाण्याची टाकी, जिना आणि अग्निशमनाची वाट मोकळी राहील.
- कुंड्या जमिनीपासून उचललेल्या असतील, पाणी ताटलीत जमेल, वॉटरप्रूफिंगला धक्का लागणार नाही.
- पावसाळ्याआधी कुंड्या हलवल्या जातील.

वजनाचा विचार मात्र परवानगीपेक्षा मोठा आहे. २० लिटरची ओली कुंडी २५ किलोच्या आसपास भरते. दहा कुंड्या म्हणजे अडीचशे किलो, आणि तेही रात्रंदिवस एकाच जागी. आपल्या शहरांत चाळीस-चाळीस वर्षांच्या इमारती भरपूर आहेत. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा करायची असते. तुमच्या इमारतीचा अहवाल आलाय का ते विचारा, आणि त्यात गॅलरीला तडे नोंदलेले असतील तर तिथे दोन कुंड्यांपलीकडे जाऊ नका. रेलिंगवर, कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर कुंडी कधीच ठेवू नका. ऊन थोडं कमी मिळालं तरी चालेल, खालून माणसं जातात.

परदेशातल्या मुलांसाठी

स्कॉटलंडच्या प्रश्नाचं उत्तर: हो, येतं, पण उघड्यावर नाही. काचघर, बंद बाल्कनी किंवा दक्षिणेची मोठी खिडकी हवी.

इथलं बी बॅगेतून किंवा पाकिटातून पाठवू नका. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत बी नेण्यावर निर्बंध आहेत. वनस्पती-आरोग्याच्या कागदपत्रांशिवाय ते जप्त होतं. तिथेच मिळणाऱ्या लवकर येणाऱ्या, लहान फळाच्या जाती घ्यायला सांगा. फेरी टेल, हॅन्सेल, पॅटिओ बेबी यांची फळं भरण्याजोगी असतात, ब्रिटनमध्ये मनीमेकर सहज मिळते. दुकानातल्या वांग्यातलं बी काढून पेरलं तर उगवत नाही, कारण भाजीचं वांगं कोवळं तोडलेलं असतं. बी पक्कं व्हायला फळ झाडावरच पिवळं पडावं लागतं.

त्यांचं वेळापत्रक आपल्या उलट चालतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात, हीटरच्या उबेजवळ २१ ते २५ अंशांत बी पेरायचं. रोपं उगवली की भरपूर उजेड द्यायचा, कमी पडला तर रोज चौदा तास एलईडी दिवा. हिमकणांचा धोका पूर्ण टळून रात्री बारा अंशांच्या वर राहू लागल्या की, म्हणजे बहुतेक जूनमध्ये, रोप काचघरात किंवा आडोशाच्या उन्हात न्यायचं. काळी कुंडी ऊन शोषते, तीच वापरावी. झाड फूटभर झालं की शेंडा खुडायचा, आणि झाडावर पाच-सहा फळं धरली की पुढची फुलं काढून टाकायची. तिथला उन्हाळा त्याहून जास्त फळं पोसण्याइतका लांब नसतो. आपल्या आयांना फुलं खुडणं जिवावर येतं. फोनवर हे दोनदा सांगा.

तोडणी, आणि झाड कधी काढायचं

वांगं चकाकत असताना तोडा. अंगठ्याने हलकं दाबलं आणि खळगा लगेच भरून आला तर ते नेमकं तयार आहे. खळगा तसाच राहिला तर थोडा उशीर झाला, बिया निबर व्हायला लागल्यात. चमक गेली, पिवळसर छटा आली तर ते भाजीत कडवट लागतं. ओढून तोडू नका, काटेरी देठासह कात्रीने कापा. थंडीत फळ फुगायला वेळ लागतो, त्यामुळे आकाराची वाट बघत बसू नका, चमकेवर लक्ष ठेवा. तोडा वेळेवर झाला की पुढची फुलं धरतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर झाड दमलेलं दिसेल. ते निरोगी असेल तर जमिनीपासून वीतभर ठेवून वरचं सगळं छाटा, मूठभर खत द्या. नवी फूट येऊन मार्चमध्ये थोडी फळं मिळतात. शेंडेअळीने पोखरलेलं असेल तर मोह न धरता काढून टाका. माती पसरून एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर तापवा. जूनमध्ये त्याच कुंडीत पुन्हा वांगं, टोमॅटो किंवा मिरची लावू नका, तिन्ही एकाच कुळातली आहेत. भेंडी किंवा गवार घ्या, आणि ऑगस्टच्या बियांसाठी दुसऱ्या कुंडीत नवी माती कालवून ठेवा.